गुपित राखणारा छापखाना

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या पतपेढीचे वार्षिक खाते-उतारे आले. पाकीट फोडले, तर आत एकाऐवजी दोन कागद निघाले. पहिला माझा. दुसरा आमच्याच आळीतल्या एका सद्गृहस्थांचा. नाव वाचताच मी डोळे मिटायला हवे होते. पण माणसाचा डोळाच तो! मिटेपर्यंत त्याने खालची बेरीज वाचून घेतली होती. बाजारपेठेत मोठ्या रुबाबाने वावरणाऱ्या या गृहस्थांचे कर्जाचे चार हप्ते थकले आहेत, हे मला त्या दिवशी कळले. कागद मी त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो निमूटपणे घेतला, चहाला विचारले नाही, आणि तेव्हापासून रस्त्यात मी दिसलो की ते शेजारच्या दुकानातल्या मालाकडे पाहू लागतात.

चूक कोणाची, हे विचारायला मी तडक पतपेढीत गेलो. चिटणीस म्हणाले, "अण्णा, उतारे आपण छापत नाही. सभासदांची फाइल एका छपाई-टपाल कंपनीला देतो. छापणे, घडी घालणे, पाकिटात भरणे, टपालात टाकणे, सगळे तीच करते."

"म्हणजे अकरा हजार सभासदांची नावे, पत्ते, ठेवी आणि कर्जे त्या कंपनीकडे जातात?"

"जातात."

"आणि काम झाल्यावर त्या फाइलचे काय होते?"

चिटणीस गप्प बसले. हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

वाचकहो, तुम्हीही तो कोणाला विचारला नसेल. विम्याची नोटीस, बँकेचा उतारा, कंपनीच्या भागधारकांना येणारे पत्र ही पाकिटे त्या त्या संस्थेनेच भरलेली असतील असे नाही. आपण बँकेची तिजोरी पाहून खाते उघडतो. पाकीट भरणाऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

योगायोगाने त्या कंपनीच्या कराराची मुदत संपत आली होती आणि तीन नवी दरपत्रके चिटणिसांच्या टेबलावर होती. ते म्हणाले, "तुमचा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला. चला माझ्याबरोबर. दर मी पाहतो, बाकीचे तुम्ही पाहा." मी कबूल झालो खरा, पण काय पाहायचे हे आधी मलाच शिकावे लागले.

विसरण्याची कला

आमच्या वेळी कंपोझिटर उलटी अक्षरे सुलट असल्यासारखी वाचत असे. गावातल्या कितीतरी भानगडी त्याला छपाईआधीच ठाऊक असत. परंतु छपाई झाली की खिळे धुऊन पुन्हा केसमधल्या आपापल्या घरांत जात. कालच्या मृत्युपत्रातला 'क' आज लग्नपत्रिकेत बसे. वाया गेलेले कागद जाळले आणि कंपोझिटरने तोंड बंद ठेवले, की छापखाना सारा मजकूर विसरून जाई.

संगणकाला हे विसरणे स्वभावतः ठाऊक नाही. फाइल पाठवली की तिची एक प्रत पाठवणाऱ्याच्या ईमेलमध्ये राहते, दुसरी कंपनीच्या सर्व्हरवर, तिसरी उताऱ्याची मांडणी करणाऱ्याच्या संगणकात आणि चौथी रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये. पाचवी प्रत कोणाच्या ध्यानातच येत नाही. मोठ्या छपाईयंत्राच्या पोटातही हार्ड डिस्क असू शकते. अमेरिकेतल्या अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेने भाड्याने घेतलेली कॉपी-यंत्रे परत केली, ती त्यांतल्या डिस्का न पुसताच. त्यांतले एक यंत्र एका दूरचित्रवाणी कंपनीने विकत घेतले, तेव्हा आत रुग्णांची माहिती सापडली. ३,४४,५७९ पर्यंत लोकांची माहिती उघडी पडली असावी असा अंदाज झाला, आणि २०१३ साली हे प्रकरण १२,१५,७८० डॉलर भरून मिटवावे लागले. यंत्र परत करण्यापूर्वी डिस्क पुसायला एखादा तास लागला असता!

दूरदेशीचे धडे

पहिला धडा सिंगापूरचा. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या टॉपॅन नेक्स्ट टेक या छपाई कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे संगणकावरची दरोडेखोरी. चोर आत शिरतो, तुमच्या फाइलींना स्वतःचे कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. शिवाय जाताना प्रती घेऊन जातो आणि त्या बाजारात मांडण्याची धमकी देतो. या हल्ल्यात डीबीएस बँकेच्या सुमारे ८,२०० आणि बँक ऑफ चायनाच्या सिंगापूर शाखेच्या सुमारे ३,००० ग्राहकांची माहिती धोक्यात आली. बँकांच्या स्वतःच्या यंत्रणांना धक्का लागला नव्हता, पैसेही जागेवर होते. तिजोरी शाबूत, आणि तिजोरीत काय आहे ती यादी मात्र चव्हाट्यावर!

दुसरा धडा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला. तिथली वनटचपॉइंट ही कंपनी अनेक आरोग्यविमा संस्थांची पत्रे छापून पाठवीत असे. २८ एप्रिल २०२२ रोजी तिला आपल्या काही फाइली कुलूपबंद झालेल्या दिसल्या. चोराने नेमक्या कोणत्या फाइली पाहिल्या, हे कंपनीला शेवटपर्यंत खात्रीने सांगता आले नाही. आधी बाधितांचा आकडा सुमारे दहा लाख सांगितला गेला. पुढे तो चाळीस लाखांच्या वर गेला. एका घराला आग लागावी आणि तीसांहून अधिक घरांचे सामान जळावे, तसे झाले. कारण त्या साऱ्यांनी आपले सामान एकाच घरात ठेवले होते.

तिसरा धडा सर्वांत मोठ्या घरचा. शिकागोची आर. आर. डॉनेली ही १८६४ सालची मातब्बर मुद्रणसंस्था. तिच्याकडे चोर आल्याची सूचना देणारी यंत्रणा होती, त्या सूचनांवर नजर ठेवणारी बाहेरची कंपनीही होती. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर चोर शिरला, धोक्याच्या घंटा वाजू लागल्या. पण कोणी धड उठले नाही. २३ डिसेंबरला दुसऱ्याच एका कंपनीने कळवल्यावर हालचाल सुरू झाली. तोवर २९ ग्राहक-संस्थांच्या माहितीसह ७० गिगाबाइट मजकूर बाहेर गेला होता. २०२४ साली तिथल्या रोखे नियामकाबरोबर हे प्रकरण मिटवताना कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता २१ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरली.

आणि चौथा धडा, ज्यात हॅकर मुळीच नाही. २०१७ च्या जुलैत एट्ना या अमेरिकन विमा कंपनीची पत्रे सुमारे बारा हजार ग्राहकांना गेली. पाकिटाला पत्त्यासाठी पारदर्शक खिडकी होती, आणि ती जरा मोठी होती. पत्त्याखालचा मजकूर खिडकीतून वाचता येत होता, आणि मजकूर होता एचआयव्हीच्या औषधांबद्दल. घरच्यांनी वाचले, शेजाऱ्यांनी वाचले. २०१८ च्या जानेवारीत कंपनी १ कोटी ७० लाख डॉलर द्यायला तयार झाली. पाकीट बंद होते, कोणी फोडले नव्हते. तरी गुपित फुटले.

एवढे वाचून, वहीत प्रश्न लिहून घेऊन मी चिटणिसांबरोबर निघालो.

तीन दारे

पहिली कंपनी म्हणजे जुन्या वस्तीतला घरचा छापखाना. मालक अगत्यशील. चहा आला, बिस्किटे आली. दर सर्वांत कमी. फाइल कशी पाठवायची विचारले, तर म्हणाले, "व्हॉट्सॲपवर टाका ना! नाहीतर ईमेल करा, पासवर्ड घालून." पासवर्ड कसा कळवायचा? "त्याच ईमेलमध्ये खाली लिहायचा." दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवण्याचा हा प्रकार. वाया गेलेले छापील कागद एका पोत्यात होते; पोते दर शनिवारी रद्दीवाला नेतो, असे कळले. माणूस सज्जन होता, यात तिळमात्र शंका नाही. पण सज्जनपणा हे काही कुलूप नव्हे.

दुसरी कंपनी काचेच्या इमारतीत. भिंतीवर आयएसओ २७००१ चे प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत. मी चष्मा लावून खालची बारीक अक्षरे वाचली. मुद्रिततपासनिसाची खोड, दुसरे काय! प्रमाणपत्र त्या काचेच्या कचेरीपुरते होते. छपाई चालते ती वीस मैलांवरच्या शेडमध्ये, आणि शेडचा त्यात उल्लेखच नव्हता. "आणखी काही?" विचारले, तेव्हा त्यांनी सॉक टू नावाचा अहवाल दाखवला. त्याचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात एका दिवशी व्यवस्था कशी मांडली होती ते पाहतात. दुसऱ्यात ती कित्येक महिने खरोखर पाळली गेली का, हे तपासतात. एक लग्नातला फोटो, दुसरा संसार! यांच्याकडे फोटो होता. "पूर्वी कधी काही अपघात?" यावर उत्तर आले, "आमच्याकडे कधीच काही होत नाही." मी वहीत लिहिले : कळत नाही, की सांगत नाहीत?

तिसरी कंपनी मध्यम. कचेरी साधी, पण छपाईच्या खोलीत शिरण्यापूर्वी आमचे मोबाइल बाहेर ठेवून घेतले. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात बारीकसा चौकोनी कोड छापलेला. पाकिटे भरणारे यंत्र कॅमेऱ्याने तो वाचते. एका सभासदाचा कागद दुसऱ्याच्या पाकिटात जाऊ लागला की यंत्र थांबते. थांबलेले यंत्र पाहून मला आमच्या आळीतले गृहस्थ आठवले. वाया गेलेले कागद तिथल्या तिथे मोजून बारीक कातरत होते. रात्री संगणकाची घंटा वाजली तर कोण उठतो, असे विचारले, तर पाळीवरच्या माणसाचे नाव फळ्यावर लिहिलेले दाखवले.

"अपघात?" व्यवस्थापकीणबाई म्हणाल्या, "झाला आहे. दोन वर्षांपूर्वी एका संगणकात व्हायरस शिरला. त्याच दिवशी सर्व ग्राहकांना कळवले. जाळ्यापासून तोडून ठेवलेला बॅकअप होता, म्हणून दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी बॅकअप खरोखर उघडतो का, ते करून पाहतो."

मग त्यांनी आमच्या नमुना-फाइलकडे पाहिले आणि उलट आम्हालाच विचारले, "यात सभासदांची जन्मतारीख आणि आधार क्रमांक कशाला? उताऱ्यावर तर ते छापायचे नाहीत." चिटणीस माझ्याकडे पाहू लागले. इतकी वर्षे सबंध नोंदवही उचलून पाठवण्याची आमचीच पद्धत होती. जे दिलेच नाही ते चोरीला जात नाही, ही साधी गोष्ट आम्हाला एका छापखान्याने शिकवली.

साठ पैसे

संचालक मंडळाच्या सभेत खजिनदारांनी हरकत घेतली. तिसऱ्या कंपनीचा दर पहिलीपेक्षा पाकिटामागे साठ पैशांनी जास्त होता. अकरा हजार पाकिटांचे सहा हजार सहाशे रुपये. "सभासदांचा पैसा आहे," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

मी म्हणालो, "खजिनदारसाहेब, अशी कल्पना करा. एकट्या राहणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षिकाबाईंना फोन येतो. समोरचा त्यांचे पूर्ण नाव सांगतो, ठेवीची रक्कम सांगतो, ती अमुक तारखेला पिकते हेही सांगतो. बाई त्याला पतपेढीचाच माणूस समजणार नाहीत काय? आणि मग तो विचारील तो ओटीपी देणार नाहीत काय? एका बाईंची ठेव गेली, तर तुमचे सहा हजार सहाशे कोणत्या वहीत लिहाल?"

कायदाही मी सांगितला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती ज्या संस्थेने गोळा केली, जबाबदारी तिचीच. काम बाहेर दिले म्हणून ती टळत नाही. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आकडा ऐकून खजिनदारांनी पाणी मागवले.

काम तिसऱ्या कंपनीला गेले. करारात चार कलमे वाढवली. फाइल कूटबद्ध करून ठरावीक सुरक्षित मार्गानेच जाईल आणि पासवर्ड वेगळ्या वाटेने. टपाल गेल्यावर तीस दिवसांत फाइल पुसून तसा लेखी दाखला मिळेल. काही विपरीत घडले तर आम्हाला त्याच दिवशी कळवले जाईल. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला तर सहा तासांत कळवावे, असा २०२२ पासूनचा दंडकच आहे. चौथे कलम माझे : पहिली शंभर पाकिटे हातात घेऊन, हलवून, खिडकीतून काय दिसते ते पाहायचे.

यंदाच्या वैशाखात पाकीट आले. मी ते हलवून पाहिले, मग फोडले. आत एकच कागद, माझा. महिनाभराने फाइल पुसल्याचा दाखलाही पतपेढीत आला. चिटणिसांनी तो मुद्दाम मला दाखवला.

आमच्या आळीतले गृहस्थ मात्र अजूनही मला पाहून दुकानातल्या मालाकडे वळतात. त्यांचे हप्ते कधीच फिटले असतील. पण मी वाचलेला तो आकडा पुसल्याचा दाखला त्यांना कोण देणार?