मांजरीसाठी दारात दार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटेचे तीन वाजले असतील. मागच्या दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी उठून दिवा लावला, तर आई दाराबाहेरच्या पायरीवर बसलेली. वय वर्षे एक्याऐंशी. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, आणि शेजारी आमची ठकी निवांत अंग चाटत बसलेली. आई म्हणाली, "काही नाही रे, हिला आत घ्यायला उठले होते. पायरी ओली होती." मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

ठकी म्हणजे मांजर. रात्री एकदा बाहेर जायचं आणि एकदा आत यायचं, हा तिचा चार वर्षांचा नेम. तिने दाराशी बसून ओरडायचं आणि आईने उठायचं, हा आईचा. "तू उठत जाऊ नकोस," असं आम्ही दोघांनी अनेकदा सांगितलं होतं. त्यावर तिचं म्हणणं, "ओरडलेलं ऐकू येतं, मग कसं पडून राहू?"

प्लास्टरच्या दिवसांत आम्ही सोपा उपाय केला. स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी ठेवायला लागलो. आठव्या दिवशी ओट्याखाली धामण निघाली. धामण बिनविषारी असते हे मला ठाऊक आहे, पण सर्पमित्र येईपर्यंत पाऊण तास ते ज्ञान माझ्या काही उपयोगी पडलं नाही. साताऱ्याच्या पावसात उंदरांमागे आणि बेडकांमागे साप घराच्या आसपास येतातच. खिडकी बंद झाली, आणि मी ठरवलं, मांजरीसाठी दारात झडपेचं छोटं दार बसवायचं. इंग्रजीत त्याला कॅट फ्लॅप म्हणतात.

मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. तेव्हा दाराला भोक पाडणं ही माझ्या दृष्टीने अर्ध्या तासाची बाब होती. प्रत्यक्षात दसरा उजाडला.

आमच्या लहानपणी असल्या दाराची गरजच नव्हती. कौलारू घर, वर माळा, भिंतीला झरोके, परसदारी मोरी. मांजर कुठून येई आणि कुठून जाई, कुणी विचारत नसे. आता स्लॅबची घरं, खिडक्यांना डासांच्या जाळ्या, पुढे लोखंडी सेफ्टी डोअर. घर आपण घट्ट मिटून घेतलं. अशा घराला मुद्दाम भोक पाडायचं, तर त्यातून मांजर जाईल का, हा प्रश्न त्या मानाने सोपा. दुसरं कोण कोण आत येईल, हा खरा प्रश्न. मला तो उशिरा सुचला.

कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराच्या कॅथेड्रलमध्ये एका भिंतीवर जुनं खगोलीय घड्याळ आहे आणि त्याखालच्या दाराला मांजरीपुरतं गोल भोक आहे. घड्याळाच्या दोरांना चरबी लावत, त्या वासाने उंदीर येत, म्हणून तिथे मांजर लागे. १३०५ ते १४६७ या काळातल्या तिथल्या हिशेबांत मांजरीसाठी दर तिमाहीला १३ पेन्स खर्च मांडलेला सापडतो. दारातलं भोक नंतरचं. विल्यम कॉटन हे १५९८ ते १६२१ या काळात तिथे बिशप होते, त्यांनी सुतारांना मजुरी देऊन ते पाडून घेतलं. मांजरीचं दार न्यूटनने शोधून काढलं, अशी एक गोष्ट सांगितली जाते. हे बिशप वारल्यानंतर एकवीस वर्षांनी न्यूटन जन्मला, तेव्हा ती गोष्ट तिथेच निकालात निघते.

आता आजच्या दारांविषयी. सगळ्यांत साधं म्हणजे वर बिजागरी आणि खाली लोंबणारी पारदर्शक प्लास्टिकची झडप. मांजरीने डोक्याने ढकलली की उघडते, ती गेली की परत जागेवर येते. झडपेच्या खालच्या कडेला लोहचुंबकाची पट्टी असते, म्हणून वाऱ्याने ती फडफडत नाही. बहुतेकांना चार जागांवर फिरणारी एक खुंटी असते: दोन्ही बाजूंनी मोकळं, फक्त आत येता येईल, फक्त बाहेर जाता येईल, आणि पूर्ण बंद. ही खुंटी नसलेलं दार घेऊच नका.

दुसरा प्रकार चुंबकी पट्ट्याचा. मांजरीच्या गळ्यातल्या पट्ट्याला छोटं चुंबक असतं आणि ते जवळ आलं तरच दाराची कळ सुटते. यात दोन अडचणी. मांजर पट्टा हरवते, आणि न हरवलाच तर त्या चुंबकाला टाचण्या, खिळे चिकटून येतात. शिवाय पट्टा ओढ बसताच आपोआप सुटणारा हवा, नाहीतर कुंपणात अडकून गळफास बसू शकतो. मला हा प्रकार पसंत पडला नाही.

तिसरा मायक्रोचिपचा. तांदळाच्या दाण्याएवढी चिप जनावरांचे डॉक्टर जाड सुईने मांजरीच्या खांद्यांमध्ये कातडीखाली घालतात. तिच्यात बॅटरी नसते आणि मांजर कुठे आहे तेही ती सांगत नाही. पुष्कळांचा तसा समज असतो. तिच्यात फक्त पंधरा आकडी क्रमांक असतो. मांजर झडपेच्या बोगद्यात डोकं घालते, दारातलं यंत्र तो क्रमांक वाचतं आणि ओळखीचा असला तरच कळ सोडतं. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजरांना चिप बसवणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे तिकडे असली दारं सर्रास चालतात. आपल्याकडे ती हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, मागवावी लागतात, आणि साध्या झडपेपेक्षा कित्येक पटींनी महाग पडतात.

किंमत बघून मी साधी झडप आणली. नडलो ते तिथेच, पण आधी मापांचं सांगतो.

मांजर फुगीर दिसते म्हणून मोठं भोक लागेल असं वाटतं. तिच्या गळ्याची हाडं आपल्यासारखी खांद्याशी घट्ट जोडलेली नसतात. डोकं गेलं की सहसा पाठोपाठ खांदे जातात. साधारण १५ सेंटिमीटर लांबी-रुंदी घरगुती मांजरीला पुरते. लठ्ठ मांजरीची मात्र पोटाशी रुंदी मोजून घ्यावी. महत्त्वाची ती उंची. मांजर उभी असताना जमिनीपासून पोटापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्या उंचीवर भोकाची खालची कड यावी. म्हणजे तिला सरपटावंही लागत नाही आणि उडीही मारावी लागत नाही. ठकीचं माप १४ सेंटिमीटर भरलं.

मी आतल्या बाजूने १४ सेंटिमीटरवर रेघ मारली, चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडली, जिगसॉने चौकोन कापला, झडप बसवली. मग बाहेर गेलो आणि कपाळाला हात लावला. बाहेरची पायरी आतल्या फरशीपेक्षा १८ सेंटिमीटर खाली. म्हणजे बाहेरून कड ३२ सेंटिमीटरवर! माप दोन्ही बाजूंनी घ्या, असं एकतीस वर्षं पोरांना बजावणारा तो मीच. शेवटी दोन विटांवर शहाबादीचा एक तुकडा सिमेंटमध्ये बसवून मांजरीसाठी वेगळी पायरी केली. आई खिडकीतून बघत म्हणाली, "मला नाही कधी केलीस अशी पायरी." तिचं खरं होतं. त्याच आठवड्यात मूळ पायरीला खडबडीत फरशी आणि भिंतीला धरायला नळी बसवली.

दार कशाचं आहे हेही आधी बघा. आमचं भरीव फ्लश डोअर होतं, म्हणून करवत सरळ गेली. पोकळ दार असेल तर कापलेल्या भोकाच्या आत चारही बाजूंनी लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात, नाहीतर स्क्रू आवळताच दोन्ही पत्रे आत दबतात. कापलेली कड तशीच उघडी ठेवू नका. प्लायवूड पावसाचं पाणी ओढतं आणि फुगतं. प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात द्यायलाच हवेत. काचेचं दार असेल आणि काच टफन्ड असेल तर तिला हातच लावू नका. ती नंतर कापता येत नाही, सगळीच चुरा होते. भोकासकट नवी काच करून घ्यावी लागते. लोखंडी दारावर चिपचं यंत्र कधी कधी क्रमांक नीट वाचत नाही, त्यासाठी मध्ये घालायची वेगळी चौकट मिळते.

आणि चोर. भोकातून माणूस येणार नाही, पण हात येतो. आपल्या दारांना वर एक आणि खाली एक बोल्ट असतो. मी बाहेर पायरीवर पालथा पडून झडपेतून खांद्यापर्यंत हात घातला, तर खालचा बोल्ट सहज निघाला. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय हो, किल्ली विसरलात?" तेव्हापासून आमची भिस्त वरच्या बोल्टवर आणि मधल्या कुलपावर, आणि किल्ली आतून लावून ठेवायची नाही हा घरात नियम.

मांजरीला दार शिकवायला पाच दिवस लागले. पहिले दोन दिवस झडप दोरीने वर बांधून ठेवली, म्हणजे नुसतं भोक. मग अर्धी खाली. मग पूर्ण. आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन आतल्या बाजूला बसायची आणि डाव्या हाताने सुकट दाखवत "ये गं ठके" म्हणायची. मी एकदा घाई करून ठकीला मागून ढकललं, तर ती त्या दिवशी दाराकडे फिरकलीच नाही. ढकलू नये. झडप म्हणजे सापळा असं एकदा तिच्या मनाने घेतलं की ते काढायला दुप्पट दिवस लागतात.

दोन आठवडे सगळं छान. मग एका सकाळी दुधाचं पातेलं उपडं, आणि तांदळाच्या पोत्याला उग्र वास. गल्लीतला काळा बोका. ठकीच्या मागे आला असणार, दार कसं उघडतं ते बघितलं असणार. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं म्हणतात. इथे शिंकं मीच कापून दिलं होतं. तिसऱ्या रात्री त्याने आतच ठकीचा कान फाडला. तिचं नसबंदीचं ऑपरेशन आणि रेबीजची लस आधीच झाली होती, एवढंच नशीब. हे दोन्ही न करता मांजर बाहेर सोडणं योग्य नाही.

कान शिवायला नेली तेव्हाच चिप घालून आणली आणि महागडं दार मागवलं. त्याचं भोक थोडं मोठं लागत होतं, ते बरंच झालं. भोक वाढवता येतं, कमी करता येत नाही. बटण दाबून ठकीला एकदा त्यातून नेलं की यंत्र तिचा क्रमांक कायमचा लक्षात ठेवतं. बोका आला, त्याने नाक लावलं, दोन पंजे मारले, बराच वेळ बसून राहिला. चार-पाच रात्रींनी यायचा बंद झाला. आमच्या यंत्राबद्दल एक लक्षात ठेवण्यासारखं: ते आत येणाऱ्यालाच तपासतं, बाहेर जाताना कुणालाही सोडतं. ठकीने तोंडात जिवंत उंदीर आणला तर तो तिच्या क्रमांकावर आत येतो. असं दोनदा झालं आहे. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

तुमच्या आसपास बोका नसेल तर साधी झडप पुरेल, उगाच खर्च करू नका. आमच्याकडे पहिल्यांदाच चिपचं घेतलं असतं तर एका झडपेचे पैसे आणि एक कान वाचला असता.

शेवटी रात्रीचं. मांजर शिकार करते ती मुख्यतः तिन्हीसांजेला आणि पहाटे, त्याच वेळी पाखरंही जमिनीवर उतरलेली असतात. ठकीने बुलबुल आणून टाकल्यावर आम्ही खुंटीचा नियम केला: संध्याकाळी सात वाजता खुंटी 'फक्त आत' वर. बाहेर असेल तर येता येतं, आल्यावर सकाळपर्यंत जाता येत नाही. आत मातीचा ट्रे ठेवला आहे. पहिले सहा दिवस ती पहाटे दाराशी बसून रडली आणि आई अंथरुणात जागी राहिली. मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहून पहारा केला, हेही सांगून टाकतो. सातव्या दिवशी ठकी रडायची थांबली.

खुंटी फिरवायचं काम आता आईकडे आहे. मनगट पूर्वीसारखं वळत नाही, पण तेवढं वळतं. रात्री दहा-साडेदहाला मागच्या दाराशी कळ सुटल्याचा 'टक्' असा आवाज होतो. आई अंधारात म्हणते, "आली," आणि कुशीवर वळते.