'क्वाइट' म्हणजे नक्की किती?

इंग्लंडमध्ये नवीन असताना आमच्या डिझाइनवर साहेबांनी 'क्वाइट गुड' असा शेरा दिला. 'क्वाइट' म्हणजे 'खूप' हे आम्ही धरूनच चाललेलो. एकही बदल न करता ते पुढे पाठवलं आणि आठवड्याने सगळं पुन्हा करत बसलो!

ब्रिटिश माणसाचं 'क्वाइट गुड' बहुधा 'बरं आहे' इतकंच असतं, त्यातून 'क्वाइट'वर जोर दिला असेल तर नक्कीच. अमेरिकेत मात्र ती बऱ्याचदा चक्क स्तुती असते.

खरी गंमत पुढच्या विशेषणात आहे. गुड, कोल्ड, टायर्ड कमी-जास्त होऊ शकतात; तिथे 'बऱ्यापैकी'. पण राइट, इम्पॉसिबल, फिनिश्ड यांत अधलंमधलं काही नाही. तिथे तोच शब्द 'अगदी', 'पूर्णपणे' होतो. 'यू आर क्वाइट राइट' म्हणजे तुमचं अगदी बरोबर. आणि 'नॉट क्वाइट' म्हणजे थोडं राहिलंय.

जागाही सांभाळा : 'अ' नंतर येतो, 'क्वाइट अ गुड स्कूल'.

शेजारणीने केक आणून दिला तर 'रिअली नाइस' म्हणा. आणि मुलांच्या रिपोर्टात 'क्वाइट गुड' दिसलं, तर पेढे वाटण्याआधी बाईंना भेटून या.