डबा जुना, कार्ड नवं!

"आमची ताई आयटीत आहे." एरंडोलमध्ये माझी ओळख एवढीच. मी पुण्यात पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, कॉम्प्युटरचा डबा उघडून मला कैक वर्षं झालीत, हे तिथे कुणालाच पटत नाही. आयटी म्हणजे आयटी! त्यामुळे मागच्या मे महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "टेन्शन नको घेऊ, वीकेंडला येते."

भावाचं बाजारात छोटंसं फोटो-व्हिडिओचं दुकान. लग्नसराईत फोर-केमध्ये शूटिंग करून दे, ही मागणी त्याने पहिल्यांदाच घेतली होती. शूटिंग झकास झालं, पण एडिटिंगला बसला तर चित्र दर दोन सेकंदांनी थिजायचं. फिल्म सोमवारी द्यायची होती. त्याच फोनवर तो हळूच म्हणाला, "ताई, तुझ्या ऑफिसात माझा रिझ्युमे देशील का? हे काम हुकलं तर दुकान बंदच करतो."

प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हता, हे तेव्हाच कळलं.

पहिली चूक माझीच

त्याचा कॉम्प्युटर म्हणजे एका कंपनीच्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड टॉवर. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, साधारण २०१३-१४ चा. नवे कॅमेरे व्हिडिओ एच.२६५ पद्धतीने घट्ट बांधून ठेवतात आणि ती गाठ सोडवायची खास सोय या पिढीच्या प्रोसेसरमध्ये नाही. सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर. ग्राफिक्स कार्ड टाकलं की हे काम ते उचलतं. म्हणून मी २०१९ मध्ये बाजारात आलेलं जीटीएक्स १६५० हे मॉडेल पुण्यातूनच ऑनलाइन मागवलं आणि बॅगेत घालून शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली.

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून डबा उघडला. आधी खान्देशची सगळी धूळ बाहेर आली. मग कार्ड बसवायला गेले, तर त्याच्या कडेला सहा पिनांचं एक भोक. त्यात वेगळी वायर लागते. डब्यातल्या पॉवर सप्लायला तशी वायरच नव्हती!

गंमत अशी, की मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज देतो आणि साधं १६५० तेवढ्यात भागवतं. पण त्याच नावाची काही कार्डं थोडी जास्त पळवलेली असतात, त्यांना वेगळी वायर लागते. मी खोक्यावरचा फोटोच नीट पाहिला नव्हता.

"पॉवर सप्लाय मोठा टाकू," भाऊ म्हणाला. तेही जमेना. बाजारातल्या सप्लायचा मुख्य प्लग २४ पिनांचा, आमच्या बोर्डावर कंपनीचा स्वतःचा ८ पिनांचा. मग त्याने कोपऱ्यावरून एक जुगाड आणला: हार्ड डिस्कच्या साटा वायरीला जोडायचा आणि दुसऱ्या टोकाला सहा पिना देणारा कन्व्हर्टर. किंमत किरकोळ, मोह मोठा. पण आम्ही हिशेब केला. साटाचा प्लग १२ व्होल्टवर फार तर साडेचार अँपिअर देतो, म्हणजे ५४ वॉट. सहा पिनांचं भोक ७५ वॉटपर्यंत मागू शकतं. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि आत वितळणारं प्लास्टिक? नको रे बाबा.

गोलाणीची वारी

जळगाव इथून साधारण ३० किलोमीटर. दुपारच्या उन्हात एसटीने गोलाणी मार्केट गाठलं. पहिल्या दोन दुकानांनी मान हलवली. तिसऱ्याने माझं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, कार्ड पाहिलं तुम्ही. डबा कोण पाहीन?"

त्याने डब्याचा फोटो मागितला. सप्लाय २९० वॉटचा. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे ७५, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ४०-५०. म्हणजे दोनशेच्या आसपास. चालेल! वरचे काही पैसे घेऊन त्याने बिनवायरीचं, आखूड १६५० बदलून दिलं. आखूड का? लांब कार्ड हार्ड डिस्कच्या खणाला अडतं, हे त्याला फोटोवरूनच दिसलं होतं.

काळा पडदा

संध्याकाळी कार्ड बसवलं. बटण दाबलं, पंखे फिरले आणि पडदा काळा ठिक्कर.

भावाने शांतपणे मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लावली. (आयटीवाली ताई!) तरीही काळाच. कार्ड काढून पुन्हा बसवलं. काळा. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून ठेवला. काळा. घरून आईचा तिसरा फोन आला, "व्हयनं का? चाल बरं जेवाले!"

जेवून आल्यावर भावाने एक वही काढली आणि म्हणाला, "ताई, एका वेळी एकच गोष्ट बदलू. आणि लिहून ठेवू." मी रोज ऑफिसात हेच करते. इथे घाईत विसरले होते.

कार्ड काढलं, तर जुन्या पोर्टावरून पडदा लगेच उजळला. म्हणजे डबा ठीक. शेजारच्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड लावलं, तिथेही छान चाललं. म्हणजे कार्डही ठीक. दोघंही सद्गुणी, फक्त पत्रिका जुळत नव्हती!

पत्रिका म्हणजे बायोस. विंडोज सुरू व्हायच्या आधी बोर्डाला जागं करणारा हा छोटा प्रोग्रॅम आमच्या डब्यात २०१३ चा होता. पुढच्या काळातलं कार्ड त्याला ओळखूच येत नव्हतं. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलसाठी २०१९ चा बायोस पडून होता.

बायोस बदलायला पाचेक मिनिटं लागतात, पण मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मरू शकतो. उन्हाळ्यातल्या एरंडोलमध्ये विजेचा भरवसा कोण देणार? म्हणून रविवारी सकाळी आधी यूपीएसची परीक्षा घेतली. भिंतीतला प्लग काढून घड्याळ लावलं, अकरा मिनिटं टिकला. मग कार्ड बाहेर ठेवूनच अपडेट सुरू केलं. टक्केवारी सरकत होती आणि आम्ही दोघं दहावीच्या निकालासारखे बसलो होतो.

पूर्ण झालं. कार्ड बसवलं. पडदा उजळला! ड्रायव्हर टाकून लग्नाची फाइल उघडली, तर सप्तपदी एकदाही न थिजता सातही पावलं चालली. अर्ध्या तासाने दिवे गेले आणि आम्ही खो-खो हसत सुटलो.

एक कबुली मात्र हवी. हा डबा काही तरुण झालेला नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. पण दोनेक हंगाम तो तारून नेईल, तोवर नव्याचे पैसे साठतील.

संध्याकाळी बस स्टँडवर सोडायला आलेला भाऊ म्हणाला, "ताई, तो रिझ्युमे राहू दे सध्या." मग थोडं थांबून, "आणि पुढच्या वेळी काही मागवायच्या आधी मला विचार."

तुम्हीही डबा उघडणार असाल, तर...

• आधी पॉवर सप्लायवरचे वॉट आणि वायरी पाहा, मग कार्ड निवडा.
• डब्यातली मोकळी जागा पट्टीने मोजा. बारीक डब्याला कमी उंचीचं कार्ड लागतं.
• मॉनिटरची वायर कार्डातच लावा. हसू नका, लावा!
• सेल काढण्याआधी बायोसच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो घ्या. हार्ड डिस्कचं सेटिंग बदललं तर विंडोज उठत नाही.
• साटाचा जुगाड नको म्हणजे नको.
• एका वेळी एकच बदल. आणि वही जवळ ठेवा.