स्वाक्षरी राष्ट्रांची, रेटा इतरांचा

आंतरराष्ट्रीय संबंध म्हटले की डोळ्यांसमोर राष्ट्रे येतात. १६४८ च्या वेस्टफालिया तहापासून सार्वभौम राज्य हाच या व्यवहाराचा प्रमुख घटक मानला गेला आणि करारावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार प्रामुख्याने आजही त्याचाच आहे. मात्र ती स्वाक्षरी करण्याची वेळ त्याच्यावर कोण आणते, हा प्रश्न वेगळा. एड्सच्या औषधांवरून दक्षिण आफ्रिकेत झालेला संघर्ष या दृष्टीने बोलका आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांचा खर्च १०,००० डॉलरच्या घरात होता. लक्षावधी बाधितांच्या देशाला तो पेलणे अशक्यच. स्वस्त औषधे आयात करता यावीत, म्हणून दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये कायदा केला. लगेच पुढच्या वर्षी सुमारे ४० औषध कंपन्यांनी प्रिटोरियाच्या न्यायालयात त्यास आव्हान दिले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी एका सार्वभौम संसदेची अशी कोंडी केली आणि प्रारंभी अमेरिकी सरकारही त्यांच्या पाठीशी होते. कंपन्यांची भिस्त होती ती जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या बौद्धिक संपदा करारावर. अशा संघटना राष्ट्रेच स्थापन करतात आणि पुढे त्यांच्याच नियमांनी बांधली जातात.

कोंडी फुटली ती राष्ट्रेतर घटकांमुळे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार पेटंट औषधाला नव्हे, ते बनविण्याच्या प्रक्रियेला मिळत असे. त्या आधारे मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, देऊ केला. हा देकार होता ‘मेदसां सां फ्रॉन्तिए’ या डॉक्टरांच्या स्वयंसेवी संघटनेला. किमतीमागचे गुपित जगासमोर उघडे पडले. दक्षिण आफ्रिकेत ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ने रस्त्यावर उतरून लोकमत तापविले. एप्रिलमध्ये कंपन्यांनी दावा मागे घेतला. अर्थात, कंपन्या खलनायक आणि संस्था तारणहार अशी सोपी वाटणी येथे चालत नाही. सिप्लाही नफ्यासाठीच चालणारी कंपनी होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँथ्रॅक्सच्या पत्रांनी धास्तावलेल्या अमेरिकेनेच बायर कंपनीच्या औषधाचे पेटंट बाजूला सारण्याची भाषा केली. त्यामुळे इतरांना पेटंटचे धडे देणे तिला अवघड झाले. नोव्हेंबरमध्ये दोहा येथे राष्ट्रांनी सार्वजनिक आरोग्याला अग्रक्रम देणारा जाहीरनामा संमत केला. त्या ठरावावर मत देण्याचा अधिकार ना सिप्लाला होता, ना डॉक्टरांच्या संघटनेला.

२००५ मध्ये भारतानेही औषधांना उत्पादन पेटंट देण्यास प्रारंभ केला. मात्र जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळू नये, अशी तरतूद कायद्यात ठेवली. तिच्याच आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील औषधासाठीचा नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. त्या खटल्यात कंपनीच्या विरोधात मुंबईची कर्करुग्ण साहाय्य संघटनाही उभी होती.