निमेष आणि छायाचित्र

गतवर्षीं वैशाखांत आमच्या नातवाची मुंज झाली. सेवानिवृत्तीच्या वेळीं चिरंजिवांनीं दिलेला कॅमेरा घरांत असल्यामुळें मातृभोजनाचीं छायाचित्रें घेण्याचें काम आम्हीं हट्टानें आपल्याकडे घेतलें. कळ दाबली कीं चित्र उमटतें, त्यांत शिकावयाचें तें काय, अशी आमची समजूत! कॅमेरा तिवईवर बसवून कळ दाबली. पाहतों तों सूनबाईंचा घांस भरविणारा हात धुरासारखा, आणि बटूस दोन नाकें. मागें भिंतीस टेकून बसलेल्या आमच्या वडील वहिनी मात्र रेखीव उमटल्या होत्या. मातृभोजन कांहीं पुनः होत नाहीं. सूनबाई एक शब्दही बोलल्या नाहींत, हेंच आम्हांस अधिक लागलें.

चूक शोधूं लागलों. कॅमेरा हलला असता तर वहिनी आणि भिंतही अस्पष्ट झाल्या असत्या. अर्थात् दोष हालणाऱ्या वस्तूंपुरताच होता. कॅमेऱ्यानें आपण होऊन ठेवलेली नोंद पाहिली, तों शटर १/८ सेकंद उघडें राहिलेलें! शटर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटांतील पडदा. तो जितका वेळ दूर होतो, तितक्या वेळांतील सर्व हालचाल एकाच चित्रांत सांठते. कार्यालयांत उजेड मंद. म्हणून यंत्रानें पडदा अधिक वेळ उघडा ठेवला, आणि तेवढ्यांत घांस ताटावरून निघून मुखाकडे गेला.

अमरकोशांत अठरा निमेषांची एक काष्ठा सांगितली आहे. निमेष म्हणजे पापणी लवण्याचा काळ. कालाचा अगदीं सूक्ष्म अंश म्हणून आम्हीं तो विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें शिकविला. पण पापणी लवण्यास सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतो, आणि आमच्या या यंत्रांत १/४००० सेकंदापर्यंत सोय! १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीस वेळ निम्मा, म्हणून प्रकाशही निम्मा. (६० ची दुप्पट १२५ कशी, असें चौकस विद्यार्थी विचारील; आंकडे सोयीसाठीं थोडे वळविले आहेत, इतकेंच.) प्रकाशाची ही तूट भिंगाचें छिद्र मोठें करून किंवा आय. एस. ओ. वाढवून भरून काढावी लागते.

इ. स. १८३८ मध्यें दागेर यानें पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें. प्रकाश टिपण्यास कित्येक मिनिटें लागल्यामुळें गाड्या, घोडे, माणसें सारीं पुसून गेलीं. बूट पुसून घेत एके जागीं उभा असलेला गृहस्थ तेवढा उमटला. तें चित्र पाहतांच आम्हांस भिंतीशीं बसलेल्या वहिनी आठवल्या. उलट १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज यानें ओळीनें बारा कॅमेरे मांडून धांवता घोडा टिपला. भरधांव घोड्याचे चारही पाय क्षणभर भूमीवरून सुटतात, आणि तेही पोटाखालीं जुळलेले असतांना, हें त्यानें दाखविलें. चित्रकार पिढ्यान् पिढ्या ते पुढें-मागें ताणलेले काढीत आले होते.

मग नातींस झोपाळ्यावर बसवून आम्हीं अभ्यास आरंभिला. १/६० ला चेहरे फराटले. १/५०० ला केसांची बटही अधांतरीं थांबली. झोपाळा समोरून येत असतां १/१२५ पुरतें, आडवा जात असतां पुरत नाहीं, हेंही ध्यानांत आलें.

एके दिवशीं वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांच्या हातांस कंप आहे. नव्या विद्येच्या उत्साहांत आम्हीं १/५०० वर त्यांचे हात टिपले आणि चित्र दाखविलें. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "भाऊजी, हात छान आले हो, पण हे माझे नव्हेत. चार वर्षांत ते असे थांबलेले मीं पाहिले नाहींत." आम्ही निरुत्तर झालों. दुसऱ्या दिवशीं कॅमेरा तिवईवर ठेवून मुद्दाम १/८ योजिला. मुंजींतलें चित्र बिघडविणारा तोच. चेहरा स्थिर, बोटांभोवतीं पुसट वलय, मध्यें पांढरी वात. तें चित्र वहिनींनीं मागून घेतलें आणि पोथीच्या बासनांत ठेवलें.

येत्या माघांत पुतण्याच्या मुलाची मुंज ठरली आहे. छायाचित्रांचें काम पुनः आमच्याकडेच आलें आहे, पण मातृभोजनाचे वेळीं १/१२५ च्या खालीं उतरावयाचें नाहीं, या बोलीवर. बोली सूनबाईंची.