स्पॅनिशमध्ये ‘पगार’ मिळत नाही, द्यावा लागतो

भांडगावातून पुण्याला जाऊन स्पॅनिश शिकायचं कुणी मनावर घेतलं, की पहिला सल्ला ठरलेला: इंग्रजी पक्कं कर, स्पॅनिश आपोआप येईल. रामराम-शामरामापुरतं ते खरं असेलही. देण्याघेण्याचा विषय निघाला की मात्र इंग्रजी दगा देते. ‘एम्बार्गो’ म्हटल्यावर आपल्याला व्यापारबंदी आठवते; बँकेच्या पत्रात हा शब्द आला तर तो जप्तीचा असतो. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात ‘रेंता’ म्हणजे सहसा घरभाडं नव्हे, प्राप्तिकराचं विवरणपत्र. मेक्सिकोत तोच शब्द घरभाड्यालाही चालतो, म्हणजे ‘स्पॅनिश सगळीकडे सारखीच’ हाही समज इथेच निकालात निघतो. ‘इवा’ हा मूल्यवर्धित कर तेवढा दोन्हीकडे आहे, पण सर्वसाधारण दर स्पेनमध्ये २१ टक्के आणि मेक्सिकोत १६.

याच्या उलट, मराठीचा इथे काय उपयोग, असं बहुतेकांना वाटतं. उपयोग आहे, आणि बराच आहे. इ.स. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या कमीअधिक भागावर मुस्लिम सत्ता होती. त्या काळातले अरबी शब्द हिशेब आणि करवसुलीत टिकून राहिले. आपल्याकडे त्यांचेच भाऊबंद फारसी दफ्तरांतून आले. घरभाड्याला स्पेनमध्ये ‘आल्किलेर’ म्हणतात, त्याचं मूळ आपल्या किरायाचंच. सीमाशुल्काची कचेरी ‘आदुआना’ ही दिवाणाच्या घराण्यातली. आणि ‘फुलानो’ म्हणजे चक्क आपला फलाणा!

‘देबेर’ या क्रियापदापाशी तर मराठी माणसाने अडखळूच नये. कर्तव्य असणं आणि पैसे देणं असणं, दोन्ही त्यात येतं. इंग्रजीला दोन वेगळी क्रियापदं घ्यावी लागतात. आपण मात्र ‘जावं लागतं’ म्हणतो आणि ‘हजार रुपये देणं लागतो’ असंही म्हणतो.

पण मराठीही एका जागी फसवते. ‘पगार’ आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत आणि स्पॅनिशमध्येही ते क्रियापद आहे: पैसे चुकते करणं. महिन्याला हातात पडतो तो ‘सुएल्दो’.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज जामिनाचा. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे ओळखीपोटी केलेली सही, असं गावोगाव मानतात. भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. स्पेनच्या १८८९ च्या दिवाणी संहितेत साध्या जामीनदाराला, म्हणजे ‘फिआदोर’ला, थोडा आसरा आहे: आधी कर्जदाराची मालमत्ता धुंडाळा, मग माझ्याकडे या, असं तो सावकाराला सुनावू शकतो (कलम १८३०). पुढच्याच कलमात त्याचे अपवाद आहेत. जामीनदाराने हा हक्क स्वतःहून सोडला किंवा करारात तो ‘सोलिदारिओ’ ठरला, की आसरा संपला. रोजच्या बोलण्यात सोलिदारिओ म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाणारा. कर्जाच्या कागदावर मात्र हा शब्द ज्याच्या नावापुढे लागतो, त्याच्या एकट्याकडून बँक सगळी रक्कम मागू शकते, कर्जदाराचं दार आधी न ठोठावता.