परवानगी मिळाली, पण कुठवर?

परवा कारंज्याहून ताई आली होती, सोबत तिचा मुलगा. हा माझा भाचा गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकला, आता एका कंपनीत को-पायलट आहे. त्याला म्हटलं, "जा रे, पाव किलो गवार, दोन जुड्या मेथी आण, अन् येताना गिरणीतून दळण घे." तर हा उभ्या उभ्या म्हणतो, "पाव किलो गवार, दोन जुड्या मेथी, येताना दळण. बरोबर ना मावशी?" मला हसूच आलं. म्हणाला, "सवय आहे. कंट्रोलर सांगेल ते परत म्हणून दाखवावं लागतं."

शाळेत मी इंग्रजीचे तास घेते, त्यामुळे 'क्लिअरन्स' हा शब्द मला नवा नव्हता. परवानगी, एवढंच ना? पण ढगांत धावपट्टी दिसत नाही, नुसत्या यंत्रांवर नजर ठेवून उतरायचं, तेव्हा या एका शब्दावर किती जीव टांगलेले असतात, ते त्यानं जेवताना सांगितलं.

प्रत्येक विमानतळाचा उतरण्याचा नकाशा असतो. कुठल्या टप्प्यात किती उंचीच्या खाली जायचं नाही, ते त्यावर छापलेलं. जिना उतरतो तसंच बरं का. 'उतरा' म्हटलं म्हणून कुणी वरच्या पायरीवरून थेट अंगणात उडी घेत नाही.

आपल्या महाराष्ट्रात अशी उडी जुन्नरजवळ पडली. 7 जुलै 1962 च्या मध्यरात्री सिडनीहून रोमकडे निघालेलं अलितालिया कंपनीचं विमान मुंबईला उतरत होतं. मुंबई जवळ आली असं वैमानिकांना वाटलं. खरं तर खाली सह्याद्री होता. आतले सगळे 94 जण गेले. आपण कुठे आहोत याचा चुकलेला अंदाज, वेळेआधी उतरणं, सुरक्षित उंची मोडणं आणि त्या डोंगराळ मुलखाची नीट ओळख नसणं, अशी कारणं चौकशीत निघाली.

तिथे जागाच चुकली होती. शब्दाच्या अर्थानंच घात केला तो अमेरिकेत, 1 डिसेंबर 1974 रोजी. टीडब्ल्यूए कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. 'अप्रोचला क्लिअर' असं ऐकताच वैमानिक 1800 फुटांकडे उतरू लागले. विमानतळ अजून बराच दूर होता. नकाशात 3400 फुटांचा आकडा कॅप्टनच्या नजरेला पडला, तो तसं बोललाही! पण परवानगी दिलीय म्हणजे खाली यायला हरकत नाही, असा त्यानं अर्थ लावला. कंट्रोलर धरून चालला की हे नकाशाप्रमाणेच उतरतील. वैमानिक धरून चालले की डोंगर असता तर त्यानं सांगितलं असतं. 92 माणसं गेली. चूक कुणाची यावर चौकशी मंडळाच्या पाच सभासदांतही एकमत झालं नाही, तिघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. सहाच आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान तिथेच, याच समजुतीनं खाली आलं होतं आणि थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण शेजारच्या घरी निरोप गेलाच नाही! नंतर तिकडे नियम बदलले. नकाशावरच्या छापील मार्गावर पोचेपर्यंत आधी मिळालेली उंची सोडायची नाही. जमीन जवळ आली की ओरडणारं यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचं झालं. आणि 1976 पासून आपली चूक निर्धास्तपणे कळवता यावी अशी सोय 'नासा'नं सुरू केली.

ताई इतका वेळ गप्प होती. पावसाळ्यात पोराची रात्रीची ड्यूटी असली की तिचा डोळा लागत नाही. तिनं एवढंच विचारलं, "मोठ्या कॅप्टनचं चुकतंय असं वाटलं, तर तू बोलशील का रे?"

तो थोडा थांबला. "आई, पहिल्यांदा जीभ अडखळली होती. पण म्हटलं, 'सर, उंची पुन्हा विचारू या का?'"

"रागावले?"

"नाही. म्हणाले, 'विचार.'"

ताईनं न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.